कंसातला नवरा

पत्र: मी जर्मनीत नोकरी करते. गरोदरपणाचा सहावा महिना चालू आहे. ज्याच्यासोबत राहते तो स्पॅनिश आहे. आमचं लग्न झालेलं नाही आणि इतक्यात तसा विचारही नाही. भांडण आडनावावरून आहे. त्याच्या आईला बाळाला दोन आडनावं हवीत, आधी बापाचं, मग आईचं. त्यांच्याकडे तसंच असतं म्हणे. माझे बाबा म्हणतात, आडनाव कुठलंही लावा, पण मधे बापाचं नाव पाहिजे, नाहीतर लोक विचारतील. मला वाटतं, पोटात मी वाढवतेय तर नाव माझं लागू दे. हे बोलले की तो गप्प होतो आणि थोड्या वेळाने म्हणतो, "मग मी कागदावर बाळाचा कोण?" हवी तर डीएनए चाचणी करू म्हणतो. (भारतातल्या लग्नाचा घटस्फोट अजून व्हायचा आहे. संमतीचा अर्ज दिलाय, दुसरी तारीख बाकी आहे. पण चार वर्षांत आमची भेटसुद्धा नाही, त्यामुळे तो विषय नाही. पासपोर्टवर मात्र अजून सासरचंच नाव आहे.) तर आडनाव कुणाचं लावावं? आणि मुलगी झाली तर 'जुई' ठेवावं असं मनात आहे, कसं वाटतं?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्याबरोबर मीही आडनावाच्या भांडणात शिरले. दुसऱ्यांदा कंसापाशी अडकले ती अडकलेच. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाक्यं तुम्ही कंसात टाकलीत, आणि वर म्हणता, 'तो विषय नाही'. अहो, तोच विषय आहे! आडनावाचं आपण निवांत बोलू, त्याला वेळ आहे. कंसातल्याला नाही.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. जन्माचे, लग्नाचे, घटस्फोटाचे कागद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणायचे, हे माझं काम. बरीच वर्षं रकानेच बघतेय. आणि या रकान्यांनी मला एक गोष्ट शिकवली आहे: बाप कोण हे घरच्यांना, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना ठाऊक असलं तरी कायद्याला ते ठाऊक असेलच असं नाही. कायदा आईला ओळखतो, कारण बाळ तिच्या पोटातून आलेलं कुणीतरी पाहिलेलं असतं. बापाचा अंदाज करावा लागतो. रोमन कायदेपंडितांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी तो अंदाज करून ठेवला: लग्न ज्याच्याकडे बोट दाखवील तो बाप. जगातल्या बहुतेक देशांचे कायदे अजून त्याच वाटेने जातात. इंग्लंडात तर एके काळी नवरा 'चार समुद्रांच्या आत', म्हणजे राज्याच्या हद्दीत कुठेही असला, तरी बायकोचं मूल त्याचंच धरत. तो देशाच्या एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला असली तरी!

आता तुमच्याकडे वळू. जर्मन दिवाणी कायद्यात बाप ठरायच्या तीन वाटा आहेत. जन्माच्या वेळी आईचा जो नवरा असेल तो, किंवा ज्याने पितृत्व रीतसर स्वीकारलं तो, किंवा न्यायालय ज्याला ठरवील तो. पहिली वाट उघडी असेल तर दुसरी आपोआप बंद होते. तुमचा घटस्फोट बाळाच्या जन्माआधी झाला नाही, तर बापाच्या रकान्यात चार वर्षांत न भेटलेला माणूस बसेल. तुम्ही त्याचं नाव सांगा अथवा सांगू नका.

भारतीय कायदा याच्या एक पाऊल पुढे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं ते म्हणतं. हा पुरावा 'निर्णायक'. त्यातून सुटका एकच, ती म्हणजे गर्भ राहू शकला असता त्या काळात दोघांना एकमेकांजवळ जायची संधीच नव्हती हे दाखवणं. तुम्ही सहाव्या महिन्यात आहात. उद्या घटस्फोटाचा हुकूमनामा हातात पडला तरी बाळ २८० दिवसांच्या आतच येणार. म्हणजे असंही होऊ शकतं की जर्मनीच्या दृष्टीने जुना नवरा बाप नाही आणि भारताच्या दृष्टीने आहे.

घाबरवायला सांगत नाही. उलट, तुमच्यासारख्या बायका जगात किती आहेत ते सांगते. जपानमध्ये १८९८ पासून नियम होता की घटस्फोटानंतर ३०० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल आधीच्या नवऱ्याचं. मारझोडीला कंटाळून पळालेल्या बायका मग मुलाची नोंदच करेनात, कारण नोंद केली की त्या नवऱ्याच्या कुटुंबनोंदीत मूल जाणार, आणि त्याला पत्ता लागणार. अशी नोंद नसलेली माणसं मोठी झाली. पासपोर्ट काढायचा तर अडचण, लग्न नोंदवायचं तर अडचण. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो नियम बदलला: जन्माच्या आधी आईने दुसरं लग्न केलेलं असेल तर मूल नव्या नवऱ्याचं. पण लग्नच केलेलं नसेल, तर तिथेही जुना अंदाज शिल्लक आहेच.

आता डीएनए. तुमच्या जोडीदाराचा त्यावर फार भरवसा दिसतो. त्याला माझ्यातर्फे कॅलिफोर्नियातला एक खटला सांगा. तिथे एका लग्न झालेल्या बाईला मूल झालं. रक्ततपासणीत दुसऱ्याच एका गृहस्थाचं पितृत्व ९८.०७ टक्के निघालं. तो गृहस्थ काही काळ मुलीबरोबर राहिलाही होता. तरी १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाप म्हणून नवऱ्यालाच कायम ठेवलं, कारण राज्याच्या कायद्याचा अंदाज तसा होता. फ्रान्समध्ये न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय अशी चाचणी करणंच बेकायदा आहे. आणि आपलं सर्वोच्च न्यायालयही अशी चाचणी सहजासहजी करायला लावत नाही. मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसेल, ही काळजी त्यामागे असते. चाचणी पुरावा म्हणून उद्या उपयोगी पडेल, नाही असं नाही. पण प्रयोगशाळेचा कागद घेऊन नोंदणी कार्यालयात गेलात आणि म्हणालात, 'हा घ्या बाप', तर खिडकीमागची बाई तुमच्याकडे नुसती बघत राहील.

तर करायचं काय? क्रमाने सांगते, कारण इथे क्रमाला महत्त्व आहे.

भारतातल्या वकिलांना या आठवड्यात फोन करा आणि बाळाची अपेक्षित तारीख सांगा. लाजू नका. ही तारीख त्यांना ठाऊक नसेल तर ते दुसरी तारीख आरामात येऊ देतील. संमतीच्या घटस्फोटात दोन तारखांच्या मधे सहा महिने थांबावं लागतं हे खरं, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं. दोघं दीर्घकाळ वेगळे राहत असतील, समेट होण्यासारखा नसेल आणि देण्याघेण्याचं मिटलेलं असेल, तर तसा अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत तो बसतो का, हे वकील सांगतील. आणखी एक त्यांना आवर्जून विचारा: तुम्ही दोघं कोणत्या तारखेपासून वेगळ्या देशांत राहता आणि त्यानंतर भेट झालेली नाही, हे दोघांच्या जबाबात स्पष्ट शब्दांत येऊ शकतं का? आज ते वाक्य किरकोळ वाटेल. २८० दिवसांच्या अंदाजापुढे उभं राहायला पुढे तेच वाक्य लागणार आहे. पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्केही जपून ठेवा.

हुकूमनामा जन्माच्या आधी आला, तर जर्मनीतलं काम सरळ आहे. तुमच्या जोडीदाराने बालकल्याण कार्यालयात, ज्याला तिथे 'युगेंडाम्ट' म्हणतात, जाऊन पितृत्व स्वीकारायचं. त्याला तुमची संमती लागते. हे तिथे विनामूल्य होतं आणि जन्माच्या आधीही करता येतं. त्याच भेटीत संयुक्त पालकत्वाचं निवेदनही द्या. ते नसेल तर लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा ताबा जर्मन कायद्यात एकट्या आईकडे असतो, आणि आडनावही आपोआप आईचंच लागतं.

हुकूमनामा उशिरा आला, तरी वाट आहे. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यानंतर मूल जन्मलं असेल, तर जर्मन कायदा म्हणतो की तिघांनी मिळून हे सोडवता येतं. जोडीदाराने स्वीकारायचं, तुम्ही संमती द्यायची आणि जुन्या नवऱ्यानेही संमती द्यायची. जोडीदाराचा स्वीकार घटस्फोट अंतिम झाल्यापासून एका वर्षाच्या आत व्हावा लागतो. हे सगळं अधिकृत दस्तऐवजावर, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून नव्हे. घटस्फोट अंतिम होईपर्यंत मात्र कागदावर बाप जुना नवराच राहतो, हे मनाशी धरून ठेवा म्हणजे दाखला हातात आल्यावर धक्का बसणार नाही. भारतातल्या अर्जाला ही वाट कशी लागू होते, ते जर्मनीतल्या कौटुंबिक कायद्याच्या वकिलाकडून आत्ताच समजून घ्या. भारतातून आलेले कागद जर्मन कार्यालयं बऱ्याचदा पडताळायला पाठवतात, आणि त्यात महिने जातात. जुना नवरा संमतीला तयार आहे तोवर त्याच्याशी, निदान वकिलामार्फत, नीट बोलून घ्या. माणूस घटस्फोटाला तयार होतो याचा अर्थ तो पुढच्या प्रत्येक सहीला तयार असतो असा नाही.

हे सगळं कशासाठी, असं जोडीदाराची आई विचारील. तिला सांगा, बाळाचं स्पॅनिश नागरिकत्व आडनावाने येत नाही, बापाच्या रकान्यातून येतं. पोटगी तिथून येते, वारसा तिथून येतो. तिच्या दोन आडनावांना त्यानंतर अर्थ.

आता पासपोर्ट. इथे जरा रेंगाळते, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे आणि मराठी माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. भारतीय पासपोर्टवर नावाला दोनच जागा असतात, एक आडनावाची आणि एक उरलेल्या नावाची. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, त्या उरलेल्या जागेत जातं. आपल्याला ते वाचता येतं. कुठलं आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं हे कळतं. जर्मन कारकुनाला कळत नाही. त्याच्या लेखी ती दोन्ही तुमचीच नावं, जशी त्याच्याकडे कुणाला दोन-दोन, तीन-तीन नावं असतात. एकदा माझ्याकडे भाषांतराला आलेल्या दाखल्यावर आईच्या नावापुढे तिच्या नवऱ्याचं नाव तिचं दुसरं नाव म्हणून छापलं होतं, आणि इस्पितळातून येणाऱ्या पत्रांत तिला सरळ त्याच नावाने 'श्रीमती' म्हणत होते. तिने ते हसण्यावारी नेलं, कारण नवरा तिचा होता आणि आवडता होता.

तुमचं तसं नाही. तुमच्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे, म्हणजे तुमचं नाव, मग त्याचं नाव, मग त्याचं आडनाव. बाळाच्या दाखल्यावर आईच्या जागी हे तीन शब्द उतरतील. त्यातले दोन त्याचे. आणि घटस्फोट वेळेत झाला नाही तर बापाच्या जागीही तोच. त्यापुढची गंमत ऐका. 'नाव माझं लागू दे' असं तुम्ही म्हणता. जर्मन कायदा ते ऐकेल, आणि बाळाला आईचं म्हणजे तुम्ही जन्माच्या वेळी जे धारण करता ते आडनाव देईल. ते तुमचं नाहीच! घरात एवढं भांडून बाळाला मिळणार ते आडनाव त्याचं, ज्याचा 'विषय नाही'. हुकूमनामा आला की सगळ्यात आधी माहेरच्या नावाचा पासपोर्ट करून घ्या. तो जन्माच्या आधी झाला तर उत्तम. नाही झाला, तर बाळाच्या नावाचा निर्णय करायच्या आधी नोंदणी कार्यालयाला हा पेच मोकळेपणाने सांगा.

आता कुठे आडनावाचं बोलायला हरकत नाही.

माझ्या मते तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ एका मराठी शब्दप्रयोगात आहे. आपण म्हणतो 'बापाचं नाव लावणं'. त्यात मधलं नाव आलं, आडनाव आलं आणि बाप कबूल करणंही आलं. एका दमात तीन गोष्टी. म्हणून तुमच्या बाबांना मधलं नाव गेलं की बापच गेला असं वाटतं. आणि तुमचा जोडीदार मराठी नसूनही नेमका तिथेच अडकलाय. त्याच्यापुरतं आडनाव म्हणजेच बापपण. या तीन गोष्टी सुट्या केल्या की भांडणातली अर्धी हवा जाईल.

बाबांपासून सुरू करू. त्यांना 'लोक विचारतील' ही भीती आहे. लोक फार जुने आहेत आणि हा प्रश्नही फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूकडे निघाला तेव्हा आईला विचारतो, माझं गोत्र काय? ती म्हणते, तरुणपणी मी अनेकांकडे कामं केली, तेव्हा तू झालास. गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तर तू सत्यकाम जाबाल असं सांग. त्याने गुरूपुढे जसंच्या तसं सांगितलं आणि गुरूने त्याला ठेवून घेतलं. ही झाली कथा. पण बाबांना इतिहास हवा असेल तर नाशिकच्या लेण्यांत कोरलेला आहे: गौतमीपुत्र सातकर्णी. एवढा मोठा सातवाहन राजा, आणि ओळख आईची. त्याच्या मागून आलेला पुळुमावीही वासिष्ठीपुत्रच. म्हणून त्या काळी घराण्याची सत्ता आईकडून येत होती असं मात्र समजू नका, गादी बापाकडूनच मुलाकडे जात होती. पण नाव आईचं लावलं म्हणून कुणी बाप विचारला नाही. आणि आजचं सांगायचं, तर २०२४ पासून महाराष्ट्र सरकारच्याच कागदांवर क्रम बदललाय: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बाबांना हे शासन निर्णयाच्या भाषेत वाचायला दिलंत तर बहुधा लवकर पटेल.

मधलं नाव मात्र तुम्ही जर्मन अर्जात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर सांगितलं त्याच कारणासाठी. मुलगी झाली तर तिच्या नावापुढे एक स्पॅनिश पुरुषाचं नाव तिचंच म्हणून आयुष्यभर चिकटेल. बाबांनी घरी, पत्रिकेत, बारशाच्या आमंत्रणात हवं तसं लिहावं.

आडनाव ही वस्तूच मुळात वाटते तितकी पुरातन नाही. थायलंडमध्ये आडनाव सक्तीचं झालं १९१३ साली, तुर्कस्तानात १९३४ साली. आइसलँडमध्ये बहुतेकांना ते आजही नाही. बापाच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' किंवा 'दोत्तिर' जोडायचं की झालं. म्हणजे एकाच घरात आई, बाप, मुलगा आणि मुलगी अशा चौघांची चार वेगळी शेवटची नावं, आणि तरीही ते एक कुटुंब. जावा बेटावर कित्येकांना एकच नाव असतं, सुकार्नो आणि सुहार्तो हे राष्ट्राध्यक्ष त्यातलेच. चीन-कोरियात बायको लग्नानंतर आपलंच आडनाव ठेवते, मुलं बापाचं घेतात. आई घरात आडनावाने वेगळी असते आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. जपानमध्ये याच्या अगदी उलट, नवराबायकोला एकच आडनाव ठेवावं लागतं. मेघालयातल्या खासी लोकांत मुलं आईच्या कुळाचं नाव घेतात, आणि तिथे उलट वाद होतो तो बापाचं लावणाऱ्यांवरून.

तुमच्या भावी सासूबाई, म्हणजे सासूबाई म्हणावं की नाही ते तुम्ही ठरवा, त्या ज्याला 'आमच्याकडे असंच' म्हणतात तेही बदललंय. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, एक बापाचं पहिलं, एक आईचं पहिलं. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. १९९९ च्या कायद्याने हा क्रम उलटा करायची मुभा दिली, आणि २०१७ पासून तर बापाचं आधी असा आपोआप अग्रक्रमच राहिला नाही. आईबापांनी ठरवून सांगायचं, ठरलं नाही तर नोंदणी अधिकारी ठरवतो. पहिल्या मुलाचा जो क्रम, तोच त्याच आईबापांच्या पुढच्या मुलांचा. इटलीत २०२२ साली घटनात्मक न्यायालयाने बापाचं आडनाव आपोआप लावणं घटनाबाह्य ठरवलं. जर्मनीत १ मे २०२५ पासून मुलाला दोघांची आडनावं जोडून देता येतात, मधे आडवी रेघ घालून किंवा न घालता. म्हणजे तुमचं बाळ योग्य वेळी येतंय. याआधी बेल्जियममध्ये एका स्पॅनिश बापाच्या मुलांना असं दुहेरी आडनाव नाकारलं होतं, तर प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २००३ साली निकाल मुलांच्या बाजूने लागला.

आता तुमच्या जोडीदाराचा प्रश्न: मी कागदावर कोण? हा प्रश्न मला तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा वाटला. त्याला हसू नका. सोव्हिएत रशियात १९४४ साली एक फर्मान निघालं. त्यानंतर लग्नाशिवाय झालेल्या मुलाच्या दाखल्यात बापाच्या जागी नाव घालता येईना; तिथे नुसती आडवी रेघ मारत. बाप शेजारी उभा असला, कबूल करत असला तरी रेघच. १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत हे चाललं. याच्या दुसऱ्या टोकाला कोस्टा रिकाचा २००१ चा कायदा: आईने नाव सांगितलं की त्या माणसाला बोलावतात, चाचणी करतात, आणि तो आलाच नाही तर त्याचं नाव घालून मोकळे होतात. दोन्हीकडे भांडण कशाचं आहे बघा. बापाच्या रकान्याचं. आडनाव त्यात मागून येतं.

म्हणून त्याला सांगा, की तो जे मागतोय ते त्याला आडनावातून मिळणारच नाही. उद्या तुम्ही बाळाला त्याचं आडनाव दिलंत आणि पितृत्व नोंदवलं नाही, तर तो कायद्याला परकाच राहील. आणि आडनाव तुमचं लागलं पण युगेंडाम्टमधला कागद झाला, तर तो पूर्ण बाप. हे त्याला एकदा नीट समजलं, की तुमच्या आडनावाच्या हट्टात त्याला स्वतःचा नकार दिसणार नाही.

माझं मत विचाराल तर दोन आडनावं घ्या, त्याचं आणि तुमचं माहेरचं. स्पेनला ते लागेल, जर्मनीला आता चालतं. क्रमाबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात घ्या, जी सासूबाई सांगणार नाहीत: स्पॅनिश पद्धतीत पुढच्या पिढीला साधारणपणे पहिलं आडनाव जातं, दुसरं नातवंडांपर्यंत पोचत नाही. तेव्हा 'दोन्ही आहेत ना, मग झालं तर' असं नाही. आधी कुणाचं, यावर भांडायचं तर उघड्या डोळ्यांनी भांडा. मी स्वतः तुमच्या जागी असते तर पहिली जागा त्याला दिली असती. आईचं आईपण कुठलाही अधिकारी तपासत नाही. त्याला मात्र पुढचे काही महिने खिडक्याखिडक्यांवर आपण कोण हे सांगत फिरावं लागणार आहे. पण ही तुम्ही दिलेली गोष्ट असली पाहिजे, त्याच्या आईने वसूल केलेली नव्हे. तुम्हाला हे पटलं नाही तर तुमचं आधी लावा, कायद्याची त्याला आडकाठी नाही.

बाळाचं आणि तुमचं आडनाव पूर्ण जुळणार नाही, त्यामुळे विमानतळावर कुणी कधी विचारलंच तर जन्मदाखल्याची प्रत आणि दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र जवळ ठेवा. प्रश्न तेवढाच.

राहिली जुई. नाव सुंदर आहे, पण रोमन लिपीत 'जे'ने लिहाल तर जर्मन शिक्षिका तिला 'युई' म्हणेल आणि स्पॅनिश आजी 'खुई'. स्पॅनिशमध्ये 'मी पळून गेले'ला 'उई' म्हणतात, जुईच्या जवळपासच, आजी हसल्या तर रागावू नका.  मीरा मात्र तिन्ही भाषांत मीराच राहते. स्पॅनिशमध्ये तिचा अर्थ 'बघ'.